पॅलेडियम नसलेला तुकडा

पडद्यावरची रेघ खाली खाली आली आणि शून्याला चिकटून बसली. मी खुर्चीतून उठले, परत बसले.

आमच्या प्रयोगशाळेत त्या शून्यासाठी माणसं देव पाण्यात घालून बसायची. पण त्या सकाळी ते यायला नको होतं, कारण यंत्रात ठेवलेला तुकडा सरावाचा होता. त्याच आठवड्यात दिल्लीची समिती येणार होती, वर्तमानपत्रवाले येणार होते, आणि त्यांच्यासमोर प्रयोग मी करून दाखवायचा होता. खरा तुकडा सरावात खराब व्हायला नको म्हणून मी एक टाकाऊ तुकडा उचलला होता. धातू तोच, थर तेच, फक्त त्यात पॅलेडियम हा दुसरा धातू मिसळलेला नव्हता. आणि सगळी करामत पॅलेडियमची, असं आम्ही जगाला सांगून बसलो होतो. पॅलेडियम असलेला तुकडा पुरेसा थंड केला की त्यातून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते, तो सुपरकंडक्टर होतो. पॅलेडियम नसेल तर तो नुसता दगड.

दगडानंही शून्य दाखवलं होतं.

मी कोल्हापूरच्या बाहेर, पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेत डॉ. विद्याधर हेरवाडकरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. चौथं वर्ष चालू होतं. नखाएवढ्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांना केसासारख्या चार वायरी चिकटवायच्या, दोन कोपऱ्यांतून वीज सोडायची आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत अडथळा मोजायचा, हे माझं रोजचं काम. कुठल्या कोपऱ्यांतून वीज सोडायची ते ठरवणारं एक गोल बटण टेबलावरच्या डब्यावर होतं. पण ते कधी फिरवायचं नसे. कुणाचा हात लागून मोजणी बिघडू नये म्हणून त्यावर पांढरी टेप लावलेली होती. मी आले त्याच्या आधीपासून.

मी ती टेप नखानं सोडवली आणि बटण एक घर फिरवलं.

रेघ उडून पडद्याच्या बाहेर गेली. अडथळा इतका की आकडा मावेना. बटण परत जागेवर आणलं. शून्य.

पंचगंगेचं पाणी उन्हाळ्यात एका काठानं वाहून गेलं आणि तुम्ही कोरड्या काठाला उभं राहून म्हणालात की इथं पाण्याला काही अडथळाच नाही, तर ते खोटं म्हणता येत नाही. पण खरंही नाही. तसंच काहीतरी आमच्या तुकड्यात होत होतं. थंड झाल्यावर वीज एका कडेनं निघून जात होती, मोजायच्या वायरींपर्यंत पोचतच नव्हती. खरा सुपरकंडक्टर असता तर बटण कसंही फिरवा, शून्य हललं नसतं.

"आलं का शून्य?"

मी दचकले. दारात उदयन कारखानीस उभे होते. दार कधी उघडलं ते कॉम्प्रेसरच्या आवाजात मला कळलंच नव्हतं.

"आलं," मी म्हणाले.

"व्हेरी गुड. सराव चालू आहे ना. चालू ठेवा, केतकीताई."

ते हसले आणि गेले. माझा तळवा अजून बटणावर झाकलेला होता. टेप परत चिकटवताना ती वाकडी लागली, आणि सरळ करायला गेले तर तिचा गोंद सुटायला लागला, म्हणून तशीच ठेवली.

कारखानीस कोण, ते सांगायला हवं. क्वांटम कॉम्प्युटरचं वारं तेव्हा नुकतंच जोरात सुटलं होतं. त्या कॉम्प्युटरची मोठी अडचण अशी की त्यातले हिशेब फार नाजूक असतात, जरा कुठं धक्का लागला की विस्कटतात. एका विशिष्ट जातीचा सुपरकंडक्टर सापडला तर न विस्कटणारा कॉम्प्युटर बनवता येईल, असं जगभर बोललं जायचं, आणि आमचा तुकडा त्याच जातीचा आहे, असं आमच्या शोधनिबंधात छापून आलं होतं. परदेशातल्या एकदोघांनी शंका काढली. खरा सुपरकंडक्टर चुंबकाचा प्रभाव आपल्या अंगाबाहेर ढकलतो, ते का दाखवलं नाहीत, असं त्यांनी विचारलं. आमचा तुकडा फार लहान आहे, असं उत्तर गेलं. मग कारखानिसांची कंपनी आली. संस्थेशी करार झाला. प्रयोगशाळेला काचेची नवी दारं बसली, दारांना कार्ड आलं, आणि ती व्यवस्था कंपनीच्या माणसांकडे गेली.

गडहिंग्लजला आमच्या बियाण्यांच्या दुकानाच्या वर फ्लेक्स लागला होता. 'गडहिंग्लजची सुकन्या केतकी शिंत्रे हिचे हार्दिक अभिनंदन.' त्यात माझा फोटो एवढासा आणि शुभेच्छुकांचे मोठाले. अण्णा दर फोनला सांगायचे, "आज अमका येऊन बघून गेला." सुपरकंडक्टर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "विजेचं काहीतरी आहे. पण देशात पहिलंच."

त्या दुपारी मी सरांच्या घरी गेले.

हेरवाडकर सर कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना राग आला की ते चष्मा काढून पुसायला लागायचे, आणि आवाज इतका खाली जायचा की पुढं वाकून ऐकावं लागायचं. आम्ही मुलं त्या चष्मा पुसण्याला घाबरायचो. एकदा एका मुलानं चुकीचा आकडा सांगितला, तर सर त्याला म्हणाले होते, "उद्यापासून येऊ नकोस असं मी म्हणत नाही. तू तुझं ठरव." तो मुलगा महिनाभर नीट जेवला नव्हता.

काकूंनी दार उघडलं. "ये गं. ताक घेतेस?"

आत कोचावर कारखानीस बसले होते. सर समोरच्या खुर्चीत.

"काय गं केतकी?" सर म्हणाले.

"सर, सरावाबद्दल थोडं विचारायचं होतं."

"विचार."

कारखानीस माझ्याकडे बघत होते. मायेनं बघावं तसं. माझ्या तोंडात शब्द होते, सगळे जुळवून आणलेले, बसमध्ये पाठ केलेले. ते तिथंच राहिले.

"तुकडा किती वाजता थंड करायला लावू?" मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला. पुसला. मग म्हणाले, "नेहमीसारखा."

काकू ताक घेऊन आल्या तोवर मी चपला घातल्या होत्या.

होस्टेलवर आल्यावर मी तेजस्विनी मगदूमला फोन लावला. मी रुजू झाले त्याच सुमाराला ती प्रयोगशाळा सोडून गेली होती. माझं टेबल आधी तिचं होतं. का गेली ते कुणी सांगत नसे. ती आता मिरजेला ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती. आम्ही एकमेकींना कधी भेटलो नव्हतो.

मी नाव सांगितलं.

"बटण फिरवलंस?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.

"कुठल्या तुकड्यावर?"

"पॅलेडियम नसलेल्या."

"मी तर असलेल्यावरच फिरवलं होतं. कुणाला सांगितलंयस?"

"नाही."

"मग नको सांगूस. माझं ऐक." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझं कार्ड दाराला चालेना. आठवडाभर मी बाहेर बाकावर बसून काढला, केतकी. कुणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. सर माझ्यासमोरून आत जायचे."

"सरांना सांगितलं होतंस?"

"कारखानिसांना. ते म्हणाले, मी सरांशी बोलतो, तू काळजी करू नको. करार नुकताच झाला होता तेव्हा." मग म्हणाली, "बोलले असणारच. नाहीतर सरांनी एकदा तरी माझ्याकडे बघितलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. परत लावलं. लाल. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. काचेतून माझं टेबल दिसत होतं, माझी पाण्याची बाटली दिसत होती. भिंतीशी एक बाक होता. मी त्या बाकाकडे बघितलं, पण बसले नाही.

"अरेच्चा, चालत नाही का?" कारखानीस पायऱ्यांवरून येत होते. त्यांनी आपलं कार्ड लावलं, दार उघडून धरलं. "सिस्टिम अपडेट चालू आहे. प्रोग्रॅम होईपर्यंत मी आत घेत जाईन तुम्हाला. काम झालं की मला फोन करा, मी बाहेर घेईन."

"बाहेर यायलाही कार्ड लागतं?"

"आता लागतं."

तो दिवस मी काचेच्या आत काढला. खरा तुकडा बसवला. टेपकडे बघायचं नाही असं ठरवलं तरी नजर तिकडेच जाई. संध्याकाळी त्यांनी मला बाहेर काढलं आणि म्हणाले, "चला, स्टँडपर्यंत सोडतो. मीही तिकडेच चाललोय."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. गाडीत बसले. काचा वर होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस इतका वाढला होता की पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"परवा गडहिंग्लजला गेलो होतो," कारखानीस म्हणाले. "तुमचा बोर्ड पाहिला. छान झालाय. अण्णांशी बोललो."

"अण्णांशी?"

"दुकानात गेलो होतो. साधा माणूस. मला चहा पाजला. म्हणाले, पोरीनं नाव काढलं." त्यांनी गिअर बदलला. "अशा माणसांना धक्का सहन होत नाही. माझे वडील तसेच होते."

गाडी स्टँडच्या रस्त्याला न वळता सरळ गेली. माझा हात दाराच्या कडीवर गेला.

"सॉरी, वळण चुकलं," ते म्हणाले आणि पुढच्या चौकातून गाडी फिरवून आणली. उतरताना म्हणाले, "विज्ञानात शंका असाव्यातच. पण शंकेलाही वेळकाळ असतो. प्रोग्रॅम होऊ दे. मग तुम्ही, मी, सर, निवांत बसू."

एवढंच. त्यात धमकी कुठं होती ते मला आजही कुणाला दाखवता येणार नाही. पण त्या रात्री मी अण्णांना फोन केला आणि ते "हॅलो" म्हणाले तेवढं ऐकून ठेवून दिला. ते आणखी काही बोलले असते तर मला रडू आलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रयोगशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. समितीच्या अध्यक्ष डॉ. वसुंधरा राघवन पुढच्या रांगेत. त्या बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. मागं पत्रकार, संस्थेचे संचालक, कंपनीची माणसं. कारखानीस दाराशी उभे होते. सरांनी उभं राहून सगळं समजावून सांगितलं. त्यांचा आवाज त्या दिवशी सुरुवातीपासूनच खाली होता, लोक पुढं वाकून ऐकत होते.

"आता केतकी दाखवेल," ते म्हणाले.

मी मोजणी सुरू केली. मोठ्या पडद्यावर रेघ सरकू लागली. तापमान उतरत होतं. मला आठवतं, मी मनात म्हणत होते की आज शून्य येऊ नये, एखादी वायर तुटावी, लाइट जावेत. रेघ खाली आली आणि शून्याला टेकली.

टाळ्या झाल्या. कॅमेरे चमकले. कुणीतरी "वा" म्हणालं. मी मान वर केली तर सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातात चष्मा होता, पण ते तो पुसत नव्हते. नुसता धरून उभे होते.

"केतकी," ते म्हणाले, "काही सांगायचंय?"

टाळ्या अजून पुरत्या थांबल्या नव्हत्या. दाराशी कारखानीस दोन पावलं पुढं आले. माझ्या डोळ्यांपुढं तो बाक आला. अण्णा आले, दुकानाच्या पायरीवर उभे राहून वर फ्लेक्सकडे बघणारे.

"सर," मी म्हणाले, "बटण फिरवून बघू या."

ते मी इतक्या हळू बोलले की मागच्यांना ऐकू गेलं नसावं. डॉ. राघवन यांना गेलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

"जेवण वाढलंय," कारखानीस मोठ्यानं म्हणाले. "वेळ झाली आहे. प्रश्नोत्तरं जेवताना घेता येतील. सर, चला."

"थांबा," सर म्हणाले.

"सर, पाहुण्यांना विमान गाठायचंय."

"उदयनराव, थांबा म्हटलं ना."

ते माझ्या टेबलाशी आले. मी उठायला लागले तर खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला बसवलं. वाकडी टेप त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. मग बटण एक घर फिरवलं.

रेघ पडद्याच्या बाहेर गेली.

सरांनी आणखी एक घर फिरवलं, मग परत जागेवर आणलं, मग पुन्हा फिरवलं. शून्य फक्त एकाच घरात होतं.

"हा सुपरकंडक्टर नाही," सर म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, मागच्या भिंतीपर्यंत गेला. "वीज मोजणीच्या वायरींपर्यंत पोचत नाही, म्हणून शून्य दिसतं. आम्ही छापलेलं चूक आहे. निबंध मी मागं घेतोय. हे माझ्या विद्यार्थिनीनं शोधलं."

पत्रकार एकदम उठले. कारखानीस फोन कानाला लावून बाहेर पडले. जाताना दाराला कार्ड लावायलाही थांबावं लागलं त्यांना, तेवढा वेळ सगळे त्यांच्याकडे बघत होते. डॉ. राघवन पुढं आल्या, सरांना म्हणाल्या, "हे आजच केलंत ते बरं केलंत." आणि त्याही गेल्या.

पुढं काय व्हायचं ते झालं. करार मोडला. 'कोल्हापूरचा फुगा फुटला' असे मथळे आले. सरांची चौकशी झाली, त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मला विषय बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि पदवी मिळायला इतका उशीर झाला की अण्णांनी विचारणंच सोडून दिलं. फ्लेक्स त्यांनी स्वतः उतरवला. माझ्याजवळ ते एवढंच म्हणाले, "खोटं हुतं तर काढलं. त्यात काय एवढं." पण नंतर कितीतरी दिवस ते चौकातून न जाता मागच्या गल्लीनं दुकानात जात होते, असं आईनं सांगितलं.

आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. अजून अधूनमधून कुठूनतरी बातमी येते, अमुक ठिकाणी असा असा पदार्थ सापडला, आता क्वांटम कॉम्प्युटर आलाच समजा. पत्रकार मला फोन करून विचारतात, तुम्हाला काय वाटतं. मी म्हणते, दुसऱ्या कुणीतरी तो स्वतः बनवून मोजू दे. ते जरा नाराज होतात. पण तो फोन वाजला की मला पहिल्यांदा कुणाची आठवण येते ते सांगते. त्या शोधाच्या खोलीत बसलेल्या एखाद्या मुलीची, जिचं नावही मला माहीत नसतं.

कार्यक्रमाच्या त्या दुपारी सगळे बाहेर गेल्यावर सर आणि मी दोघंच मागं राहिलो. खुर्च्या वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. सर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"सर, तुम्हाला कळलं होतं?"

"टेप मी लावली होती," ते म्हणाले. "फार पूर्वी. सरळ लावली होती. त्या दिवशी जेवायला घरी जाण्याआधी इथं डोकावलो, तर ती वाकडी दिसली. तू घरी आलीस तेव्हा मी वाट बघत होतो, तू बोलशील म्हणून. आणि बोलू नयेस असंही वाटत होतं."

मी टेबलावर पडलेली टेप उचलली.

"बटण फिरवायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, सर."

"मी ते कधी फिरवलं नाही. पहिलं शून्य आलं त्या दिवशी हात तिथपर्यंत गेला होता. मग म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी टेप लावली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तेजस्विनी का गेली, तुला माहीत आहे?"

मी सांगितलं. कारखानिसांना तिनं काय सांगितलं, त्यांनी काय कबूल केलं, तो बाक, तो आठवडा. सर ऐकत होते. मध्येच त्यांनी डोळे मिटले.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "पण ती बाकावर बसलेली मला दिसायची. का बसली आहेस, एवढं विचारायचं होतं. विचारलं तर ती सांगेल, याची भीती वाटायची."

खालून आवाज येऊ लागले होते. पत्रकार गेटशी थांबले होते, टीव्हीची गाडी आली होती. संचालकांचा शिपाई दोनदा डोकावून गेला. सर उठले, कोट नीट केला, दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. एवढा उंच माणूस, पण दाराच्या चौकटीला धरून उभा होता. माझ्याकडे न वळता त्यांनी विचारलं,

"केतकी, माझ्याबरोबर खाली येतेस?"

मी उठले, त्यांच्या शेजारी गेले, आणि आम्ही दोघं जिना उतरायला लागलो.